खालच्या ओळीतला थांबा

४ फेब्रुवारी

दादा,

मायना काय लिहावा यात एक कागद वाया गेला, म्हणून नुसतं ‘दादा’ लिहून पुढे जातो. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू ‘बाकी काय’ विचारतोस, मी ‘बाकी ठीक’ म्हणतो आणि आपलं बोलणं तिथेच संपतं. पत्रात निदान खाडाखोड करता येते.

काम असं आहे. मी गायनवृंदाच्या चाचणीला बसतोय. आपल्याच वृंदाच्या. खालच्या ओळीत, खर्जवाल्यांमध्ये, एक जागा रिकामी झाली आहे. मार्चच्या शेवटी तिच्यासाठी गाऊन दाखवायचं आहे. मला नोटेशन वाचता येत नाही. तू शिकवायला बसवायचास तेव्हा मी पेन्सिलीला टोक काढत बसायचो, हे तुझ्या लक्षात असेलच. टोकं चांगली निघायची.

हे खूळ कुठून आलं ते सांगतो. सर निवृत्त झाल्यावर वृंद आता एक बाई चालवतात. त्यांनी वृंदाचा मोठा फोटो आपल्या दुकानात फ्रेमसाठी दिला. फ्रेम टांगायला मी सभागृहात गेलो तर सराव चालू होता. मध्येच भिंतीला ड्रिल लावणं बरं दिसेना, म्हणून फ्रेम कुशीत धरून मागे उभा राहिलो. तिथली जमीन लाकडी आहे, तुला माहीतच आहे. खालच्या ओळीचा आवाज मला कानांच्या आधी तळपायांत कळला. वरचे लोक गात होते आणि खालच्यांनी त्यांना हातांवर धरलं होतं. त्या दिवसापासून मला तिथे उभं राहायचंय. दुसरं काही कारण नाही. असलं कारण अर्जात लिहिता येत नाही, म्हणून ‘गायनाची आवड’ असं लिहिलं.

फलकावर तुझा नियम अजून लावलेला आहे: ‘प्रत्येक सभासदास नोटेशन वाचता येणे आवश्यक.’ कागद पिवळा पडलाय, पण कोणी काढलेला नाही. मला शिफारस नको. तू सरांचा मदतनीस होतास, बाई तुला नावाने ओळखत असतील, तरीही नको. एवढंच कळव की कानाने शिकून हे निभावेल का, आणि नसेल तर पावणेदोन महिन्यांत माणूस किती वाचू शकतो.

घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा तिच्या तोंडाएवढाच चालतो, असं ती स्वतःच म्हणते. बाबांची काच कापायची हिरकणी अजून एका दमात सरळ जाते. काम करताना ते गुणगुणत नाहीत, पण ते तू गेल्यापासूनच. म्हणजे खरं तर तू गेलास त्याच्या थोडं आधीपासून. पण हे पत्र त्यासाठी नाही.

बाबांना मी पत्र लिहितोय हे माहीत नाही. चाचणीचंही माहीत नाही.

तुझा
बारक्या


१९ फेब्रुवारी

दादा,

तुझं पाकीट मिळालं. पुस्तक मिळालं, ‘नाव सोडली’ या गाण्याचं नोटेशन मिळालं आणि चिठ्ठीही मिळाली. ‘कानावर विसंबू नकोस. कान खोटं बोलतो, कागद बोलत नाही.’ वाक्य छान आहे. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “असं होय. मग तुला अंगाई मी कागदावर लिहून द्यायला हवी होती.”

तू अजून एखादी ओळ लिहिली असतीस तरी चाललं असतं. कागद बराच कोरा होता.

पुस्तक उघडून बसतो. माझी प्रगती तुला प्रामाणिकपणे सांगतो. ठिपका पाच रेघांपैकी वर आहे की खाली, ते दिसतं. पण वर म्हणजे किती वर, हे गळ्याला कळत नाही. जिना दिसतो, पायरीची उंची कळत नाही, आणि पाय टाकला की एकतर ठेच लागते नाहीतर पाय हवेत राहतो. मात्र एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून जमली. कुठला सूर किती वेळ धरायचा, ते मी वाचू शकतो. पोकळ ठिपका, भरीव ठिपका, शेपटीवाला ठिपका, ही सगळी मापंच आहेत, आणि मापांशी माझं बरं आहे. फ्रेमच्या चार पट्ट्यांत केसभर फरक राहिला तर कोपऱ्यात फट दिसते. तसंच हेही. तेव्हा लांबी येते, उंची येत नाही, अशी परिस्थिती आहे.

उंचीसाठी सभागृहाबाहेर उभं राहून सरावाचं रेकॉर्डिंग करून आणलं. पण त्यातून खालची ओळ वेगळी निघेना. तीन चादरी एकावर एक घातल्यात आणि सगळ्यात खालच्या चादरीची नक्षी सांगायची, असा प्रकार. मी अंदाजाने गात होतो. दुकानात, बाबा बाहेर गेलेले असताना.

आता मंगळवारचं सांगतो. बाबा एका मोठ्या आरशाचं माप घ्यायला गेले होते. मी काच पुसत होतो आणि मला जी खालची ओळ वाटत होती ती गात होतो. पाठमोरा होतो. मागून आवाज आला.

“खाली.”

मला वाटलं काच खाली ठेव म्हणताहेत. ठेवली.

“काच नव्हे. आवाज. तू गातोयस ते मधल्यांचं आहे.”

मी वळलो नाही. वळलो असतो तर ते गप्प झाले असते. अजून खाली जाऊन पुन्हा सुरुवात केली.

“आता फार खाली. विहिरीत पडलास.” मग जरा वेळाने, “कधी आहे?”

“काय?”

“मला दूधखुळा समजतोस? फ्रेम टांगून आलास त्या दिवसापासून काचेवर बोटांनी ताल धरतोयस. सगळ्या काचांवर ठसे उमटलेत. गिऱ्हाईक बोंबलतंय.”

मी सांगितलं, मार्चच्या शेवटी. त्यांनी टेप खुंटीला अडकवली, हातमोजे घातले. मला वाटलं विषय संपला. मग त्यांनी पहिली ओळ म्हटली. मोठ्याने नाही. समोरच्याला किल्ली कुठे ठेवली ते सांगावं, इतक्या आवाजात. पण दादा, टेबलावरची काच थरथरली. तिच्यावर हात ठेवून थांबवावी लागली.

रोज दुपारी घरी जेवणानंतर एक ओळ. पद्धत अशी की ते एकदा म्हणतात आणि मी ती येईपर्यंत म्हणत राहतो. दुसऱ्यांदा म्हणत नाहीत. चुकलं की फक्त “हं” करतात. किती प्रकारचे “हं” असतात ते मला आत्ता कळतंय.

आई स्वयंपाकघरातून ऐकते आणि भांडी घासायचा नळ बंद ठेवते. काल म्हणाली, “एकजण वाचायला शिकला आणि घर सोडून गेला. दुसऱ्याला न वाचताच जायचंय.” मी म्हटलं, मी कुठे जातोय, सभागृह दोन गल्ल्यांवर आहे. ती म्हणाली, “तोही आधी तिथेच जायचा.”

तुझा
बारक्या


८ मार्च

दादा,

गाणं पूर्ण पाठ झालं. आणि आता एक अडचण आली आहे, ती तुझ्याशिवाय कोणाला विचारू शकत नाही, आणि तुला विचारायलाही जड जातंय.

पाठ झाल्यावर मी बाबांनी शिकवलेलं तुझ्या कागदाशी ताडून पाहिलं. उंची मला कळत नाही, पण लांबी कळते. सगळं तंतोतंत जुळलं. एक जागा सोडून. दुसऱ्या कडव्यात ‘काठ राहिला’ नंतर बाबा थांबतात. अगदी थोडं, एक श्वास जाऊन यावा इतकं. कागदावर तिथे थांबायला जागाच नाही. ‘राहिला’ला लागूनच पुढचा शब्द उचलायचा आहे. मी पुन्हा पुन्हा मोजलं. मला वाटलं माझंच चुकतंय.

बाबांना विचारलं, “इथे थांबा आहे का?”

“आहे.”

“कागदावर नाही.”

“कागदावर नसेल.” आणि ते पुठ्ठा कापायला लागले.

रात्रीपर्यंत धीर धरवला नाही, म्हणून आईला तेव्हाच गाठलं. तिने आधी आढेवेढे घेतले. मग सांगितलं. तू हे ऐकलेलं नाहीस अशी माझी समजूत आहे. ऐकलेलं असेल तर मला फार वाईट वाटेल, म्हणून तसं कळवू नकोस.

वृंदात बाबांच्या डाव्या हाताला तो कुलपं दुरुस्त करणारा उभा राहायचा ना, ज्याला सगळे भाता म्हणायचे. छातीतून घरघर यायची म्हणून भाता. त्याला दमा होता. बाकीचे समजायचे की खोकला आहे, जुना आहे, विडीचा आहे. दुसऱ्या कडव्यातली ती ओळ लांब, आणि ‘राहिला’पर्यंत पोचेतो त्याचा श्वास संपायचा. एकदा भर कार्यक्रमात तिथे त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्याने बाबांचा कोट धरला. तेव्हापासून बाबा तिथे थांबायला लागले. त्याचा श्वास येईपर्यंत. बाबा थांबले म्हणून पलीकडचा थांबला, तो थांबला म्हणून त्याच्या पलीकडचा. कोणी कोणाला काही बोललं नाही. ओळीला सवय लागली.

आता तू सांग, तू तेव्हा काय ऐकत होतास. खालची ओळ दुसऱ्या कडव्यात मागे पडते, हेच ना? ते तुला दिवसरात्र खुपत होतं, जेवताना टेबलावर बोटांनी दाखवायचास. कोण मागे खेचतंय ते शोधायला तू सरांना सांगून नियम करून घेतलास, आणि एकेकाला उभं करून कागदावरून गाऊन घेतलंस. एकेकटे सगळे कागदाप्रमाणे गायले. भातासुद्धा. त्याला वाचता येत होतं, आणि एकट्याने गाताना चोरून छोटे श्वास घेता येतात. कागद न वाचता येणारे एकटे बाबा. ते ओळ जशी गायची तसेच गायले. तिथे थांबले.

तू म्हणालास, “पुन्हा.” ते पुन्हा थांबले. तू पुन्हा म्हणालास, “पुन्हा.”

मी तिथे नव्हतो. आईलाही हे बाबांनी सांगितलं नाही. भात्यानेच घरी येऊन सांगितलं. तो रडत होता असं ती म्हणाली. बाबांनी त्याला चहा दिला आणि म्हणाले, “तुझं काय नुकसान झालंय रडायला? तू पास आहेस.”

बाबा एवढंच म्हणू शकले असते की मी ह्याच्यासाठी थांबतो. मग दम्याचा माणूस गायला चालत नाही म्हणून भात्याला काढलं असतं. तो शेजारीच उभा होता. म्हणून ते काही बोलले नाहीत. तू कागदावर लिहिलंस, ‘वाचन नाही, लय ढिली’, आणि सही केलीस. बाबांनी घरी येऊन नेहमीसारखं जेवण केलं.

तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. हे वाक्य खोटं आहे, खोडायला गेलो, पण तसंच ठेवतो आणि पुढे लिहितो: थोडा दोष द्यायलाही लिहितोय. पण तू जे ऐकलंस ते बरोबर ऐकलंस. कागदाप्रमाणे चूक होती. मी मोजलंय.

भाता त्यानंतर लवकरच स्वतःहून वृंदातून गेला. मागच्या वर्षी वारला. ते कळवायला हवं होतं.

आता माझा प्रश्न. चाचणीत थांबू की नको? बाबांना विचारलं. ते म्हणाले, “तुला एकट्याला गायचंय ना? शेजारी कोणी नसेल तर कोणासाठी थांबणार?” मला वाटतं त्यांचं म्हणणं बरोबर आहे. मी न थांबता गायचा सराव करतोय. फार कठीण जातंय. गळा आपोआप थांबतो, एखाद्या घरासमोरून जाताना पाय थबकावेत तसा.

उत्तर पाठव. एक ओळ लिहिलीस तरी चालेल.

तुझा
बारक्या


३१ मार्च

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. पत्ता बदलला असेल, असं आईला सांगितलं. ती म्हणाली, “हो, बदलला असेल हो,” आणि माझा शर्ट इस्त्री करायला घेतला.

काल चाचणी झाली. झालं तसं लिहितो.

तीन माणसं होती. बाई, पियानो वाजवणारे एक गृहस्थ आणि खजिनदार. खजिनदारांना गाण्यातलं काही कळत नाही, असं ते स्वतःच आल्या आल्या सांगतात. माझ्या आधी एक शिक्षक गाऊन गेले. दाराबाहेर ऐकू येत होतं. त्यांनी कागद असा वाचला जणू पेपर वाचताहेत. मी खिशातला रुमाल पिळत बसलो होतो, त्याला घडी राहिली नाही.

बाईंनी माझ्यापुढे एक नवा कागद ठेवला. “हे वाचून म्हणा.”

मी म्हटलं, “मला वाचता येत नाही.”

“थोडंफार?”

“सूर किती वेळ धरायचा ते कळतं. कुठला सूर ते कळत नाही.”

पियानोवाले हसले. बाई हसल्या नाहीत. “फलक वाचला नव्हता का? की तेही येत नाही?”

“वाचला होता. नियम माझ्याच भावाने केलाय.”

हे मी का बोललो ते मला माहीत नाही. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पियानोवाल्यांना खूण केली. त्यांनी एक सुरावट वाजवली. मी म्हटली. लांब वाजवली, तीही म्हटली. त्याहून लांब वाजवली, तिच्यात शेवटी एके जागी घसरलो. खजिनदार म्हणाले, “मला तर सगळंच बरोबर वाटलं.” बाई म्हणाल्या, “तुम्हाला वाटणारच.”

मग ‘नाव सोडली’. एकट्याने. ‘काठ राहिला’ आलं आणि मी थांबलो नाही. डोळ्यांपुढे तुझा कागद ठेवला आणि त्या जागेवरून सरळ निघून गेलो. पुढचं कडवं कसं झालं ते आठवत नाही, पण बाईंनी मान हलवली, म्हणजे बरं झालं असावं.

इथवर ठीक होतं. पुढे बाई म्हणाल्या, “आता ओळीत उभे राहून गा. एकट्याने गाणारे पुष्कळ असतात.” शेजारच्या खोलीत खालची ओळ सरावाला जमली होती. त्यांना बोलावलं. तीन-चार जुने चेहरे, बाकी सगळे नवे. मला मधोमध उभं केलं.

दादा, मी लाकडी जमिनीवर उभा होतो आणि ते गायला लागले, आणि माझा आवाज मला वेगळा ऐकूच येईना. तो त्यांच्यात गेला. हे मी तुला लिहून सांगू शकत नाही. तुला माहीत असेल.

दुसरं कडवं आलं. ‘काठ राहिला’. मी कागदाप्रमाणे पुढचा शब्द उचलला आणि अख्ख्या सभागृहात एकट्या माझाच आवाज उघडा पडला. बाकी सगळे थांबले होते.

सगळे. वाचता येणारे, पास झालेले, ज्यांनी भात्याला कधी पाहिलंही नाही असे, सगळे.

बाईंनी काठी टेबलावर आपटली. “हीच जागा. दोन वर्षं घसा कोरडा केलाय मी. एकेकट्याला विचारलं की सगळे साधू. एकत्र आलात की सगळे खोळंबता. का?”

एक म्हातारे म्हणाले, “होतं खरं तसं.”

एक नवा, माझ्याच वयाचा, म्हणाला, “बाई, मी यांच्याकडे बघून थांबतो.” त्याने शेजाऱ्याकडे बोट केलं. शेजारी म्हणाला, “आणि मी कोणाकडे बघू? मी याच्याकडे बघतो.”

पियानोवाले म्हणाले, “मजा आहे. कागदाप्रमाणे गायला तो एकटा, आणि कागद वाचता न येणाराही तोच.”

“पुन्हा,” बाई म्हणाल्या.

तुझाच शब्द. पुन्हा गायलो. आणि तिथे आल्यावर मी थांबलो. त्यांच्याबरोबर.

“आता तुम्हीही?”

“शेजारचे थांबले.” एवढंच म्हणालो. भात्याचं सांगितलं नाही. ते सांगायचा अधिकार माझा आहे की नाही ते मला ठरवता येईना.

“कळवू,” त्या म्हणाल्या.

दुकानात परत आलो तर बाबा एका लग्नाच्या फोटोला काच बसवत होते. डोकं वर न काढता म्हणाले, “मग? थांबलास की गेलास?”

मी म्हटलं, “मी गेलो. पण बाबा, ते थांबतात.”

“कोण?”

“खालची ओळ. अजून थांबते. नवे लोकही.”

त्यांनी काच खाली ठेवली. “राहिलानंतर?”

“हो.”

“सगळे?”

“सगळे. का थांबतो ते त्यांच्यातल्या कोणालाच नीट सांगता आलं नाही.”

बराच वेळ ते काचेचा काठ अंगठ्याने चाचपत राहिले. मला भीती वाटली, कापेल म्हणून. मग म्हणाले, “कोणीतरी सांगायला हवं त्यांना, भाता गेला म्हणून. उगाच खोळंबून राहिलेत.”

आणि चष्मा पुसायला आत गेले. काच पुसायचं फडकं इथेच टेबलावर होतं.

तुझा
बारक्या


१२ एप्रिल

दादा,

तुझं पत्र आणि वृंदाचं पत्र एकाच दिवशी आलं. पोस्टमनला काय कल्पना. आधी वृंदाचं उघडलं, कारण ते पातळ होतं.

माझी निवड झाली नाही. जागा शिक्षकांना मिळाली. बाईंनी खाली हाताने लिहिलंय: ‘तुमचा आवाज हवा होता. नियम सर्वांना सारखा. वाचायला शिकून पुढच्या वर्षी या.’ मी ते पुष्कळदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं. मग ‘हवा होता’ यावर थोडा वेळ घालवला. मग पुन्हा वाईट वाटलं. दोन दिवस दुकानात मी कोपरे चुकीचे कापत होतो. बाबांनी ते मुकाट्याने बाजूला ठेवले आणि स्वतः कापले.

मग तुझं पत्र उघडलं. इतकी मोठी पत्रं तू लिहू शकतोस हे मला ठाऊक नव्हतं. तू जे मला विचारलंयस त्याचं उत्तर आधी देतो. नाही, भाता शेवटपर्यंत तुझ्याबद्दल वाईट बोलला नाही. म्हणायचा, “पोराचा कान तिखट आहे, बापावर गेलाय.” त्याच्या दम्याचं तुला माहीत नव्हतं हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि दारापर्यंत जाऊन आलो. मला तेच हवं होतं.

आता तू जे करतो म्हणतोयस त्याबद्दल. बाईंना लिहून माझ्यापुरता नियम शिथिल करायला सांगणार आहेस. ते करू नकोस. तू लिहिलंस तर त्या ऐकतील, मला माहीत आहे, आणि ती जागा मला किती हवी आहे तेही तुला माहीत आहे. चार पत्रं मी तेच लिहीत होतो. पण जो नियम तू बाबांसाठी वाकवला नाहीस तो माझ्यासाठी वाकवलास, तर त्या दुपारी त्यांना दोनदा ‘पुन्हा’ म्हटलंस ते कशासाठी होतं? निदान ते तरी खरं राहू दे. मी वाचायला शिकेन. आता पेन्सिलीला टोक काढत बसणार नाही.

भात्याचं बाईंना मी सांगून आलो. बाबांना विचारून गेलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. समोर ‘नाव सोडली’चा कागद होता. त्यांनी पेन्सिल उचलली, त्या जागेवर नेली आणि तशीच खाली ठेवली. “बघते,” म्हणाल्या. काय बघणार ते मी विचारलं नाही.

तुझं पत्र मी बाबांना दाखवलं. माफ कर. खिशात ठेवून त्यांच्याशेजारी काम करणं मला जमेना. त्यांनी ते दुकानात नाही, घरी येऊन, हातपाय धुऊन वाचलं. आई दारात उभी होती. वाचून झाल्यावर त्यांनी ते तुझ्याच घड्यांवरून परत दुमडलं.

मग मला म्हणाले, “त्याला लिही, त्याने बरोबर केलं होतं. कागदावर थांबा नव्हता.”

मी म्हटलं, “लिहितो.”

“आणि मीही बरोबर होतो, ते काही लिहू नकोस. त्याचं त्याला कळेल.”

दोन्ही लिहिलं. त्यांना सांगू नकोस.

आई म्हणाली, “झालं तुमचं बरोबर-बरोबर? आता याला शिकवायचं कोण? पुस्तक उघडलं की जांभया देतो.” मी म्हटलं, दादा पत्रातून शिकवेल. ती म्हणाली, “पत्रातून सूर ऐकू येतो होय? म्हणजे आता कागदच गायला लागले.” शेवटी बाबाच म्हणाले, “शिकवायला यायचं असेल तर रविवारी ये म्हणावं. दुकानातच बसा दोघं, घरात कटकट नको. मला काही शिकायचं नाही. मी माझी काच कापत बसेन बाजूला.”

रविवारी दुकान बंद असतं आणि कापायला काच नसते, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

तुझा
बारक्या